कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या दारावरचे रंग

चंडीगढच्या सेक्टर १ मध्ये, शिवालिक टेकड्यांच्या पार्श्वभूमीवर उभा असलेला कॅपिटल कॉम्प्लेक्स पाहण्यासाठी जाणारा प्रवासी बहुधा एकच रंग मनात धरून गेलेला असतो. तो म्हणजे काँक्रीटचा करडा रंग. उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभा या तिन्ही वास्तूंची छायाचित्रे आपण पाठ्यपुस्तकांत आणि पर्यटनाच्या पुस्तिकांत पाहिलेली असतात आणि त्यांत करड्या रंगाचेच राज्य असते. विधानसभेच्या मुख्य दर्शनी भागात, प्रचंड ओसरीच्या सावलीत, एक दार आहे. सुमारे २५ फूट लांब आणि तितकेच उंच असे हे चौकोनी दार इनॅमलच्या ११० पत्र्यांनी मढवलेले आहे. लाल, पिवळा, हिरवा, निळा, काळा आणि पांढरा या रंगांत त्यावर सूर्याचा वर्षभराचा मार्ग, दिवस आणि रात्र, नदी, झाड, बैल, कासव, मासा अशा आकृती आहेत. हे दार एरवी बंद असते. समारंभाच्या प्रसंगीच ते उघडले जाते.

हे चित्र ज्यांनी रंगवले त्यांना जग वास्तुरचनाकार म्हणून ओळखते. ल कॉर्ब्युझिए हे नाव घेतले की चंडीगढ शहर, मार्सेलची वसाहत आणि रोंशांचे प्रार्थनामंदिर डोळ्यांसमोर येते. स्वतः कॉर्ब्युझिए मात्र आयुष्यभर आपण आधी चित्रकार आहोत असेच मानत आले. त्यांच्या वास्तुकलेची किल्ली त्यांच्या चित्रांत आहे, असा त्यांचा आग्रह होता. समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यांच्या आयुष्याची कथा या दुर्लक्षाची आणि त्याला न जुमानता रोज सकाळी कुंचला हाती घेण्याची कथा आहे.

त्यांचे मूळ नाव शार्ल-एदुआर जानरे. त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८८७ रोजी स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या गावी झाला. हे गाव घड्याळांचे. तेथील बहुतेक घरांची चूल घड्याळाच्या धंद्यावर पेटत असे. जानरे यांचे वडील घड्याळाच्या तबकड्यांवर इनॅमल चढवण्याचे काम करीत, तर आई पियानोची शिक्षिका होती. थोरला भाऊ आल्बेर पुढे संगीताकडे गेला. आपल्याकडच्या जुन्या घरांत पांढऱ्या इनॅमलच्या थाळ्या आणि निळ्या काठाचे मग असत. ते ज्यांनी वापरले आहेत त्यांना हा पदार्थ परिचयाचा असेल. धातूवर काचेची रंगीत भुकटी पसरून ती भट्टीत वितळवायची, की तिचा गुळगुळीत थर धातूला कायमचा चिकटतो. वडिलांच्या हातून हा थर बोटभर रुंदीच्या तबकडीवर चढत असे. मुलाने उतारवयात याच पदार्थाने एका विधानभवनाचे दार रंगवले. मधल्या सहा दशकांत बरेच काही घडले.

शार्लला चित्रकार व्हायचे होते. गावातील कलाशाळेत तो घड्याळाच्या डब्यांवर नक्षी कोरण्याचे शिक्षण घेऊ लागला, पण त्याची दृष्टी मुळातच अधू होती आणि हे बारीक काम तिला झेपणारे नव्हते. त्याचे शिक्षक शार्ल लेप्लातनिए यांनी त्याला वास्तुरचनेकडे वळवले. हे वळण मुलाच्या मनाविरुद्ध होते. मात्र याच शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जुरा पर्वतातल्या रानात नेऊन झाडाची साल, देवदाराचे शेंडे आणि खडकांच्या घड्या रेखाटायला लावल्या. वस्तू नुसती पाहू नये, ती हाताने काढावी म्हणजे ती आपल्यात उतरते, ही सवय जानरे यांना तेथे लागली. ती अखेरपर्यंत सुटली नाही. १९११ मध्ये त्यांनी बाल्कन देश, इस्तंबूल आणि अथेन्स असा मोठा प्रवास केला. तेव्हापासून खिशात मावणारी रेखाटनवही त्यांची सोबती झाली. अशा सत्तरहून अधिक वह्या आज उपलब्ध आहेत. त्यांतल्या कित्येक भारतात भरलेल्या आहेत.

१९१७ मध्ये ते पॅरिसला स्थायिक झाले. तेथे आमेदे ओझाँफां या चित्रकाराशी त्यांची गाठ पडली. दोघांनी मिळून १९१८ च्या अखेरीस चित्रांचे प्रदर्शन भरवले, त्याच वेळी घनवादाच्या पुढे जाण्याची भूमिका मांडणारे पुस्तक काढले आणि आपल्या पंथाला प्युरिझम हे नाव दिले. या चित्रांत बाटल्या, पेले, बशांची चळत, गिटार अशा साध्या वस्तू असत. रंगाविषयी या दोघांचे धोरण कडक होते. आधी आकार, मग रंग. माती, गेरू, पांढरा, काळा, गडद निळा असे भक्कम रंग चित्राचा तोल सांभाळतात, तर लिंबासारखा पिवळा किंवा शेंदरी यांसारखे चंचल रंग तो बिघडवतात, अशी प्रतवारी त्यांनी केली होती. १९२० च्या सुमाराची जानरे यांची चित्रे पाहिली तर ती हिशेबी वाटतात. त्यांत रंग आहे, पण तो परवानगी घेऊन आल्यासारखा. पुढे याच माणसाने विधानसभेच्या दारावर लाल आणि पिवळा मोकळ्या हाताने ओतला, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांच्या प्रवासाचे अंतर कळते.

याच काळात, १९१८ च्या सुमारास, त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. चित्रकाराला एकच डोळा उरणे हा मोठाच आघात होता. दोन डोळ्यांनी दिसणारी खोली एका डोळ्याला तितकीशी जाणवत नाही, म्हणून त्यांच्या चित्रांत वस्तू एकाच पृष्ठावर सपाट होऊन एकमेकींत शिरतात, असे काही अभ्यासक सुचवतात. त्यात तथ्य असेलही, पण घनवादी चित्रकारांना दोन्ही डोळे असूनही ते हेच करीत होते, हेही विसरता येत नाही.

१९२० मध्ये त्यांनी लेखनासाठी ल कॉर्ब्युझिए हे टोपणनाव घेतले. हळूहळू वास्तुकलेतही तेच रूढ झाले. चित्रांवर मात्र ते १९२८ पर्यंत जानरे अशीच सही करीत. एका देहात दोन माणसे राहत असावीत अशी ही व्यवस्था होती. १९२३ नंतर त्यांनी चित्रांचे प्रदर्शन भरवणेच बंद केले. वास्तुरचनाकार म्हणून होणाऱ्या वादांची झळ चित्रांना लागू नये आणि फावल्या वेळेचा हौशी चित्रकार असा शिक्का बसू नये, ही त्यामागची भावना होती. पुढची पंधरा वर्षे, १९३८ मध्ये झुरिकच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन भरेपर्यंत, ही चित्रे जगाच्या नजरेआड राहिली. रंगवणे मात्र एक दिवसही थांबले नाही म्हटले तरी चालेल. १९३४ पासून ते पॅरिसमधील ज्या घरात राहिले, त्यात त्यांनी स्वतःसाठी चित्रशाळा बांधून घेतली. तिची एक भिंत जुन्या दगडाविटांची, तशीच उघडी ठेवलेली होती. सकाळची वेळ चित्रांची आणि दुपार रू द सेव्र येथील कचेरीची, असा त्यांचा नेम असे. शहरांचे आराखडे, मंत्र्यांच्या भेटी, नगरपालिकांशी भांडणे हे सर्व दुपारनंतर.

या सकाळी काय घडत असे, हे जाणून घेण्यासारखे आहे. १९२८ च्या पुढे बाटल्या आणि पेले मागे पडले. समुद्रकाठी सापडलेले शिंपले, झिजलेले गोटे, हाडांचे तुकडे, झाडांची मुळे अशा वस्तू ते गोळा करू लागले. पुढे काय काढायचे हे आधी ठरलेले नसे. एखादा गोटा आणि एखादे मूळ शेजारी ठेवावे, ते रेखाटावे, वही मिटून टाकावी. दहा किंवा वीस वर्षांनी ती वही पुन्हा उघडावी आणि तीच रेघ नव्या कागदावर उतरवून घ्यावी. या मधल्या काळात ती रेघ आतल्या आत मुरलेली असे. त्यांच्या काही चित्रांवर दोन-दोन तारखा आढळतात, त्या यामुळेच. बैलांची गाजलेली चित्रमालिका अशीच जन्मली. आपलेच एक जुने वस्तुचित्र आडवे-उभे फिरवून पाहताना त्यांना त्यात बैलाचे डोके दिसले. १९५२ पासून पुढे कित्येक वर्षे हा बैल त्यांच्या कॅनव्हासवर परत परत येत राहिला. त्याच वर्षांत ते भारतात येऊन शेतातले आणि गाडीला जुंपलेले बैल वहीत रेखाटत होते. पोळ्याच्या दिवशी रंगवलेली शिंगे पाहिलेल्या मराठी वाचकाला या मालिकेतले लाल-पिवळे बैल फारसे परके वाटणार नाहीत.

रंगाच्या बाबतीतही असेच सैल झालेले नाते दिसते. उत्तरायुष्यातील चित्रांत रेघ एका वाटेने जाते आणि रंगाचा तुकडा दुसऱ्याच वाटेने. पिवळा पट्टा आकृतीच्या बाहेर सांडतो, निळा मध्येच थांबतो. रंगीत कागद कापून, ते पाटावरच्या सोंगट्यांसारखे हलवत हलवत ते जागा ठरवीत. या पद्धतीला त्यांनी शिस्तही दिली होती. स्वित्झर्लंडच्या सालुब्रा या वॉलपेपर कंपनीसाठी त्यांनी १९३१ मध्ये ४३ आणि १९५९ मध्ये आणखी २० रंगछटा निवडल्या. वाद्याच्या पट्ट्यांप्रमाणे त्यांची मांडणी केली आणि ग्राहकाने खिडकीचा कागद त्यावर सरकवून आपला मेळ शोधावा अशी सोय केली. पियानो शिकवणाऱ्या आईचा मुलगा येथे ओळखू येतो. ते अमूर्त चित्रकार होते का, या प्रश्नाचे उत्तर सरळ देता येत नाही. वस्तू त्यांनी कधीच पूर्णपणे सोडली नाही. हात, पाऊल, स्त्री, बैल हे सर्व शेवटपर्यंत आहे. पण ती ओळखू येण्याआधी रंग आणि रेघच नजरेत भरतात. आपल्याकडे नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वस्तूचा निरोप घेऊन नुसत्या रंगाकडे निघाले होते. कॉर्ब्युझिए त्या उंबरठ्यापर्यंत आले आणि तेथेच रमले, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

या स्वभावाची एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोकळी भिंत दिसली की त्यांचा हात आवरत नसे. १९३८-३९ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्रून-कॅप-मार्तां येथे, आयलीन ग्रे या प्रतिभावान वास्तुरचनाकार स्त्रीने उभारलेल्या घराच्या भिंतींवर त्यांनी तिची परवानगी न घेता मोठी चित्रे रंगवली. तिला हा आपल्या निर्मितीवरचा आघात वाटला, आणि तो तसा होताच. दुसऱ्या महायुद्धात विशी राजवटीकडून काम मिळवण्यासाठी त्यांनी दीड वर्ष खटपट केली, हाही त्यांच्या चरित्रातला न पुसणारा डाग आहे.

युद्धानंतर त्यांचे रंग कॅनव्हासबाहेर पडले. १९३६ मध्ये मारी क्युतोली यांच्यासाठी त्यांनी पहिला भित्तिपट रेखाटला होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ओब्युसाँच्या विणकरांकडून पिएर बोदुएं यांच्या साहाय्याने त्यांचे अनेक पट विणले गेले. आधुनिक माणूस भाड्याच्या घरात राहतो, बिऱ्हाड बदलतो. त्याला भिंतीवर चित्र काढून घेता येत नाही, पण लोकरीची भिंत गुंडाळून बरोबर नेता येते, हा त्यांचा विचार. १९५५ मध्ये पूर्ण झालेल्या रोंशांच्या मंदिराचे मोठे दार त्यांनी इनॅमलने रंगवले आणि खिडक्यांच्या काचांवर स्वतः रंग लावला. वडिलांचा धंदा अशा रीतीने मुलाच्या हाती परत आला.

चंडीगढचे काम त्यांच्याकडे योगायोगाने आले. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकेचे आल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी करीत होते, परंतु ऑगस्ट १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात मरण पावले. त्यानंतर पी. एन. थापर आणि पी. एल. वर्मा हे दोन अधिकारी युरोपात गेले आणि कॉर्ब्युझिए यांना घेऊन आले. फेब्रुवारी १९५१ मध्ये ते प्रथम येथे आले, तेव्हा त्यांचे वय ६३ होते. वर्षातून दोनदा त्यांनी यावे आणि दैनंदिन काम त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांनी तसेच भारतीय वास्तुरचनाकारांनी पाहावे, अशी व्यवस्था ठरली. त्यांच्या पॅरिसच्या कचेरीत याच वर्षांत पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी नावाचे तरुण दाखल झाले होते. भारतातील कामांचे आराखडे काढता काढता त्यांची स्वतःची नजर घडली. २०१८ मध्ये वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार त्यांना मिळाला. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

उच्च न्यायालयाचे उद्घाटन मार्च १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. या इमारतीच्या प्रवेशाशी तीन अवाढव्य स्तंभभिंती आहेत. त्या पुढे हिरव्या, पिवळ्या आणि लालसर रंगांत रंगवण्यात आल्या. उन्हाच्या दिवसांत समोरच्या तळ्यात त्यांची प्रतिबिंबे पडली म्हणजे करडी इमारत क्षणभर बाजूला सरते. आत वेगळीच अडचण होती. काँक्रीटच्या उंच दालनांत आवाज घुमत असे. तो शोषून घेण्यासाठी कॉर्ब्युझिए यांनी लोकरी भित्तिपटांची योजना केली. आठ दालनांसाठी प्रत्येकी ६४ चौरस मीटरचे आठ आणि मुख्य न्यायमूर्तींच्या दालनासाठी १४४ चौरस मीटरचा एक, असे नऊ पट काश्मीरमध्ये विणले गेले. एकूण साडेसहाशे चौरस मीटरहून जास्त असलेले हे विणकाम अवघ्या पाच महिन्यांत पुरे झाले. त्यांवर रंगांचे मोठाले चौकोन आणि त्यांत तराजू, सूर्य, ढग, वीज अशी चिन्हे आहेत.

काही न्यायमूर्तींना हे पट रुचले नाहीत. न्यायासनाच्या मागे असा भडक रंगांचा खेळ गांभीर्याला बाधक वाटला. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. ब्रिटिश अमदानीत न्यायालय म्हणजे काळा झगा, काळसर लाकूड आणि पांढरी भिंत. तेथे एकाएकी लाल-पिवळ्या चौकोनांसमोर बसून निकाल द्यायचा. कॉर्ब्युझिए मात्र मागे हटले नाहीत. त्यांच्या दृष्टीने पट ही इमारतीवरची शोभा नव्हती. भिंतीइतकाच तो इमारतीचा भाग होता आणि ध्वनीची गरज नसती तरी तो तेथे असायला हवा होता. वास्तुरचनाकाराला मान देणाऱ्या शहराने चित्रकाराविषयी दाखवलेला हा संशय त्यांना लागला असल्यास नवल नाही. राज्यपालांच्या निवासाची त्यांची कल्पनाही बारगळली. लोकशाहीत राज्यपालाचा प्रासाद परिसराच्या माथ्यावर असावा, हे नेहरूंना पटले नाही. ज्या उघड्या हाताच्या शिल्पासाठी त्यांनी नेहरूंकडे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, ते २६ मीटर उंचीचे, वाऱ्याबरोबर फिरणारे शिल्प दोघांच्याही हयातीत उभे राहिले नाही. त्याला १९८५ साल उजाडावे लागले.

विधानसभेचे दार ही फ्रान्सने दिलेली भेट होती. कॉर्ब्युझिए यांनी ते दुसऱ्याच्या हाती सोपवले नाही. फ्रान्समधील लुईन या गावी जाँ मार्तां यांच्या इनॅमलच्या कारखान्यात जाऊन, पंचाहत्तरीच्या घरात असताना, त्यांनी पत्र्यांवर स्वतः काम केले. इनॅमलचे काम तैलरंगासारखे नसते. भट्टीपूर्वीची भुकटी फिकट आणि मातकट दिसते. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजल्यावरच तिचा खरा रंग उमटतो. म्हणजे चित्रकाराला समोर दिसतो तो रंग सोडून जो अजून जन्मलेला नाही त्यावर भिस्त ठेवावी लागते. शिवाय प्रत्येक रंगाच्या थराला पुन्हा भट्टी. चूक पुसता येत नाही, फार तर तिच्यावर दुसरा थर देता येतो. तरुणपणी रंगांची प्रतवारी लावणाऱ्या माणसाने म्हातारपणी स्वतःला अशा माध्यमाच्या स्वाधीन करावे, यात मला त्यांच्या आयुष्याचे खरे वळण दिसते. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात आकाशाचा हिशेब आहे: अयने, संपाते, चोवीस तासांचा दिवस. खालच्या भागात हिरवी भूमी, नदी आणि प्राणी. एकेका पत्र्याच्या सांध्यावरून रेघ बेफिकीरपणे पलीकडे जाते. १९६४ मध्ये हे दार चंडीगढला बसले. त्याच वर्षी मे महिन्यात नेहरू निवर्तले.

पुढच्या वर्षी, २७ ऑगस्ट १९६५ रोजी, रोकब्रून-कॅप-मार्तां येथे समुद्रात पोहत असताना कॉर्ब्युझिए यांचे निधन झाले. त्यांचे वय ७७ होते. काही पावलांवर ३.६६ मीटर लांबी-रुंदीची त्यांची लाकडी झोपडी होती आणि शेजारीच आयलीन ग्रे यांचे ते घर. पॅरिसमध्ये लूव्र राजवाड्याच्या चौकात त्यांना सरकारी इतमामाने निरोप देण्यात आला. त्या वेळी भारतातर्फे गंगाजल आणि ग्रीसमधून अक्रोपोलिसची माती आणण्यात आली होती.

चंडीगढचे दार त्यानंतर बराच काळ तसे एकटेच राहिले. कॉर्ब्युझिए यांच्या कल्पनेतला कॅपिटल कॉम्प्लेक्स हा पायी फिरणाऱ्या नागरिकांचा विस्तीर्ण चौक होता. न्यायालयाकडून विधानसभेकडे चालत यावे आणि समोर हे रंग उलगडत जावेत, अशी ती योजना. १९६६ मध्ये हरियाणा वेगळे झाले आणि हा परिसर दोन राज्यांत वाटला गेला. १९८० च्या दशकातील अशांतता आणि ३१ ऑगस्ट १९९५ रोजी सचिवालयासमोर झालेल्या स्फोटात मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची हत्या, यांमुळे पहारे आणि अडथळे वाढत गेले. जुलै २०१६ मध्ये सात देशांतील १७ स्थळांच्या यादीत या परिसराला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्थान दिले. मार्गदर्शकासह तो पाहण्याची सोय आहे, परंतु मोकळेपणी हिंडता येत नाही. अशा फेरीत गेल्यास उन्हाच्या वेळी न जाता सूर्य कलताना जावे. तिरप्या उजेडात इनॅमलचा पिवळा रंग सर्वांत आधी पेटतो, निळा सर्वांत शेवटी मावळतो.

रोकब्रूनच्या टेकडीवरील दफनभूमीत कॉर्ब्युझिए पत्नी इव्होन हिच्यासह चिरविश्रांती घेत आहेत. १९५७ मध्ये ती वारल्यावर ही समाधी त्यांनीच आखली होती. काँक्रीटच्या साध्या चौथऱ्यावर समुद्राकडे तोंड करून एक छोटी पाटी आहे. तिच्यावर पिवळा, लाल आणि निळा असे सूर्यास्ताचे रंग आहेत. ती पाटी इनॅमलची आहे.